विनावाहक, विनाथांबा

मार्च लागला की फ्लॅट बुशमधल्या साळुंक्या रोज संध्याकाळी निरोपसमारंभ करतात आणि कोणीही कुठे जात नाही. ऑर्मिस्टनच्या दुकानांसमोर गाड्या लावायच्या जागेच्या कडेने झाडं आहेत, त्यांत दिवेलागणीला त्या शेकड्यांनी जमतात. भाषणं होतात, प्रतिभाषणं होतात, मध्येच कोणाचा तरी अपमान होतो. मग एक गट सभात्याग करून शेजारच्या झाडावर जातो आणि तिथे जागा नाही असं कळल्यावर निमूट परत येतो. अंधार पडला की सगळ्या एकदम गप्प. सकाळी बघावं तर त्याच साळुंक्या आमच्या मागच्या अंगणात, लाकडी कुंपणावर हजर. कालच्या निरोपाचं त्यांच्या चेहऱ्यावर काही नसतं.

‘मागचं अंगण’ म्हणताना मी जरा हात सैल सोडला आहे. फ्लॅट बुश हे ऑकलंडच्या आग्नेयेचं उपनगर. तीसेक वर्षांपूर्वी इथे गाईगुरं चरत होती, आता भिंतीला भिंत लावून घरं उभी आहेत. माझ्या मुलाच्या घरामागे गवताचा एक पट्टा, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, फिजोआचं एक झाड आणि कुंडीत सूनबाईंचा कढीपत्ता, एवढीच काय ती इस्टेट. पण पक्ष्यांना सातबारा लागत नाही. एवढ्याशा तुकड्यावर सकाळपासून चिमण्या, साळुंक्या, काळे ब्लॅकबर्ड आणि एखादा पीवाकावाका आपापला हक्क सांगून जातात. पीवाकावाका हा शेपटीचा पंखा उघडमीट करत माणसाच्या मागे मागे फिरणारा इथला छोटा पक्षी. तो माणसाच्या प्रेमापोटी येत नाही, आपल्या पावलांनी गवतातले किडे उडतात म्हणून येतो. हे मला उशिरा कळलं असतं तर बरं झालं असतं.

साळुंकीशी मात्र माझी ओळख जुनी. मंगळवेढ्याच्या शाळेत मी भूगोल शिकवत असताना खिडकीत येऊन बसणारी आणि मुलांपेक्षा जास्त लक्ष देणारी ती साळुंकीच. पिवळे पाय, डोळ्यामागे पिवळा डाग, उडताना पंखात पांढरे पट्टे: सगळं तेच. चालही तीच. ती चिमणीसारखी उड्या मारत नाही, एकेक पाऊल टाकत चालते, थांबते, मान वाकडी करून जमिनीतल्या एका बिंदूकडे एका डोळ्याने बघते, आणि त्या बिंदूचा किडा झालेला असतो. दहा वर्षं दूर राहिलेलं माणूस भेटल्यावर जसं आपण ‘अगदी तस्साच आहेस’ म्हणतो, तसं मी तिला पहिल्या दिवशी मोठ्याने म्हणालो. शेजारच्या घरातली गोरी बाई कुंपणावरून डोकावली. तिला वाटलं, मी तिला काहीतरी म्हणालो.

इथे साळुंकीच्या नावावर बरेच गुन्हे आहेत. १८७०च्या दशकात तिला बोटीने न्यूझीलंडला आणलं गेलं. वसाहत करायला आलेल्या इंग्रजांना पिकावरच्या किड्यांचा बंदोबस्त हवा होता, आणि ओळखीचे आवाज कानावर पडल्याशिवाय त्यांना करमतही नव्हतं. त्यासाठी त्यांनी चक्क सोसायट्या काढल्या होत्या आणि त्या सोसायट्या बोटी भरभरून पक्षी मागवत. साळुंकीला दक्षिण बेटावरही सोडलं होतं, पण तिथली थंडी तिला मानवली नाही. उत्तर बेटाच्या उबदार भागात मात्र ती अशी काही रुजली की आता निघायचं नाव नाही. इथल्या मूळच्या पक्ष्यांच्या ढोल्या ती बळकावते, अंडी-पिल्लांवर हात मारते, अशी तक्रार आहे आणि तक्रार खरी आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने २००० साली जगभरातल्या शंभर उपद्रवी परक्या जीवांची यादी काढली. त्या शंभरांत पक्षी तीनच: युरोपातली स्टार्लिंग, आपला लालबुड्या बुलबुल आणि आपली साळुंकी. तिनात दोन आपले. एरवी आंतरराष्ट्रीय यादीत आपलं नाव वर आलं की आपण फटाके वाजवतो.

शाळेत हे सगळं शिकून आलेल्या नातवाने एकदा मला विचारलं, “आजोबा, इंडियन मायना आपल्या गावची आहे का?” त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. मी म्हणालो, “गावची आहे, पण घरची नाही.” नातेवाइकांच्या बाबतीत आपण वापरतो ते हे उत्तर त्याला पटलं आणि तो खेळायला गेला.

चिमण्यांचं निराळंच. १८६०च्या दशकात त्याही बोटीतूनच आल्या आणि आता फ्लॅट बुशच्या प्रत्येक कुंपणात, छताच्या प्रत्येक फटीत त्या आहेत. वीस मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. तो २०१०पासून साजरा होतो, आणि त्याची सुरुवात आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी केली, ही गोष्ट मी इथे अभिमानाने सांगतो. आपल्या शहरांतून चिमणी नाहीशी होत चालली म्हणून तो दिवस. ऐकणारा न्यूझीलंडर सभ्यपणे मान हलवतो आणि अंगणातल्या चाळीसेक चिमण्यांकडे बघतो. न्यायच्या असतील तर न्या, असा त्याचा भाव असतो.

या देशात पक्ष्याला ‘देशी’ ठरवायचा नियम मला हळूहळू कळला. चष्मेवाला आपल्याकडे असतो ना, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला हिरवट-पिवळा चिमुकला? त्याचा चुलतभाऊ इथे आहे. फिजोआच्या झाडात आठ-दहांची टोळी घुसते, पानं उलटीपालटी करते आणि दोन मिनिटांत निघून जाते. हे चष्मेवाले १८५६ साली ऑस्ट्रेलियाकडून समुद्र ओलांडून थव्याने आले. भिंगऱ्या तर त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५०च्या दशकात आल्या, त्याही ऑस्ट्रेलियाहूनच. हे दोघेही कायद्याने देशी, कारण ते स्वतःच्या पंखांनी आले. साळुंकी दीडशे वर्षं इथे राहूनही परकी, कारण तिला कोणीतरी आणलं. विमानाने आलेल्यांचं काय, याबद्दल कुठे स्पष्ट लिहिलेलं नाही.

भिंगऱ्या शरद ऋतूत, म्हणजे इथल्या मार्च-एप्रिलमध्ये, जमतात. बॅरी कर्टिस पार्कमधल्या तळ्यांवर संध्याकाळी पाण्याला पोट घासून जाताना त्यांची संख्या रोज वाढलेली दिसते. आपल्याकडे भिंगरी म्हटली की विजेची तार आलीच. इथे नव्या वसाहतीत विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. त्यामुळे बिचाऱ्या पुलाच्या कठड्यावर ओळीने बसतात आणि सायकलवाला आला की सगळी ओळ उठते. मी रोज वाट बघायचो की आता एके दिवशी या निघणार. त्याही निघत नाहीत! थंडीत थवे करून राहतात, एवढंच.

म्हणजे अंगणातल्या या सगळ्या लगबगीत खरं जाणारं कोण? उत्तर त्याच पार्कात मिळालं. फ्लॅट बुशचे खरे स्थलांतरित पक्षी तिथे रोज सकाळी नऊच्या सुमाराला जमतात. पायात नातवाचे जुने बूट, अंगात मुलाचं जुनं जाकीट, डोक्यावर लोकरीची टोपी.

बॅरी कर्टिस पार्क नव्वद हेक्टरांहून मोठा आहे. बॅरी कर्टिस हे मानुकाउ शहराचे १९८३ ते २००७ एवढा प्रदीर्घ काळ महापौर होते, त्यांचं नाव त्याला दिलं आहे. आपल्याकडे एवढी वर्षं महापौरपद मिळालं तर माणूस पार्काऐवजी पक्ष काढेल. तर या पार्कात साडीवर स्पोर्ट्‌स शूज घातलेल्या गुजराती बा असतात, पंजाबी सरदारजी असतात, हात हवेत संथ फिरवून व्यायाम करणारे चिनी आजोबा असतात, आणि तळ्याजवळच्या बाकांवर आमचा मराठी कट्टा असतो. आम्ही सगळे आईवडिलांच्या व्हिसावर आलेले. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने. दिवाळी उरकून यायचं आणि आंब्याला परत जायचं. मुलांना आम्ही थंडीचं कारण सांगतो, डॉक्टरांची तारीख सांगतो, कोणाचं तरी लग्न सांगतो. खरं कारण हापूस.

मार्चच्या मध्यापासून कट्ट्यावरचे विषय बदलतात. गुडघे मागे पडतात, ‘तुमचं कधीचं?’ सुरू होतं. सिंगापूरवरून की आणखी कुठून, किती तास थांबायचं, व्हीलचेअर सांगितली का. (व्हीलचेअर चालता येत नाही म्हणून सांगायची नसते, विमानतळावर वाट सापडत नाही म्हणून सांगायची असते. हे ज्ञान कट्ट्यावर नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दिलं जातं.) एकेक बाक रिकामा होत जातो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासाने मागे जातात, भारताशी अंतर साडेसातवरून साडेसहा तासांवर येतं, आणि तोवर कट्ट्यावर दोघे-तिघेच उरलेले असतात.

आमच्यात एक साताऱ्याचे गृहस्थ आहेत, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कट्टा त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणतो. जगातली कुठलीही हालचाल ते डेपोत उभे राहून बघितल्यासारखी बघतात: सुटण्याची वेळ, मार्ग, थांबे, आणि प्रवासी चढले का. साळुंक्यांच्या संध्याकाळच्या सभेबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं. “मास्तर, हा डेपोतला मुक्काम आहे. गाड्या उभ्या आहेत, इंजिनं चालू आहेत, सुटणार एकही नाही. खरी गाडी बघायची असेल तर दुसरीकडे जायला हवं.”

दुसरीकडे म्हणजे पुकोरोकोरो मिरांडा. फ्लॅट बुशहून गाडीने तासाभरावर, टेम्सच्या आखाताच्या पश्चिम काठावर. माझ्या मुलाने एका शनिवारी आम्हा दोघांना आणि सौभाग्यवतींना तिकडे नेलं. क्लीव्हडनवरून गेलं की शेवटचा रस्ता समुद्राला चिकटून जातो. भरती-ओहोटीची वेळ मुलाने फोनवर बघून ठेवली होती, आणि सगळं त्या वेळेवर अवलंबून असतं. ओहोटीला तिथे साडेआठ हजार हेक्टर चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यात कुठेतरी लांब ठिपके होऊन पसरलेले असतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत काठाच्या शिंपल्यांच्या बांधावर आणतं, अगदी बघणाऱ्याच्या पुढ्यात. आपण जायची गरज नसते, समुद्र त्यांना घेऊन येतो.

तिथे पक्षिनिरीक्षकांच्या ट्रस्टचं केंद्र आहे. ट्रस्ट १९७५चा. मार्चमध्ये ते पक्ष्यांना निरोप द्यायचा कार्यक्रम करतात आणि वसंतात स्वागताचा. पक्षी दोन्हीला हजर असतात, अध्यक्ष कोण आहेत ते न विचारता. आम्ही गेलो तेव्हा एका स्वयंसेवक आजींनी दुर्बीण आमच्या उंचीला आणून दिली आणि बाजूला झाल्या.

दुर्बिणीत आला तो कुआका. हा माओरी शब्द इथे सगळेच वापरतात. मराठी पक्षिमित्र या घराण्याला पाणटिवळा म्हणतात. नर होता. तोंडापासून शेपटीखालपर्यंत विटकरी लाल, पाठीवर तपकिरी-काळी नक्षी. बोटभर नव्हे, चांगली वीतभर वाटावी अशी चोच, बुडाशी गुलाबी, टोकाला काळी आणि किंचित वर वळलेली. तो वाऱ्याकडे तोंड करून एका पायावर उभा होता. मग दुसरा पाय खाली आला, चोच पाठीच्या पिसांत गेली, एक पीस टोकापर्यंत ओढलं गेलं, सोडलं गेलं, पुढचं धरलं. घाई नाही. शेजारची मादी त्याच्याहून मोठी, चोचही लांब, रंग मात्र फिका. आणि दोघांचीही पोटं! छातीपासून पायापर्यंत गोल, लोंबती. आमच्या सौभाग्यवतींनी दुर्बिणीतून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत.

ते पोट म्हणजे त्यांचं सामान. निघण्याआधीचे आठवडे हे पक्षी चिखलातले किडे, खेकडे, शिंपले खात सुटतात, इतके की निघताना शरीराच्या वजनात चरबीच निम्म्याच्या आसपास असते. आणि जागा कमी पडू नये म्हणून पोटातले अवयव आकसतात. जठर, यकृत, आतडी, जे उडताना कामाचं नाही ते लहान होतं. पिअर्स्मा आणि गिल या दोन शास्त्रज्ञांनी १९९८ साली यावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी या पक्ष्यांना सरळ ‘लठ्ठ’ म्हटलं आहे. माझ्या माहितीत लठ्ठपणाचं एवढं सन्मानाने झालेलं वर्णन दुसरं नाही.

“अहो, म्हणजे त्यांना वजनकाट्यावर कोणी अडवत नाही,” सौभाग्यवती म्हणाल्या. घरी खाटेवर आमची बॅग तेव्हा उघडीच होती. येताना सुपारी, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि विमानतळावर ‘यात काय आहे’ या प्रश्नाला द्यायची उत्तरं भरून आणली होती. जाताना मानुका मध, चॉकलेटं, लोकरीचे मोजे आणि किवीची चित्रं असलेली चुंबकं. मध इथून नेता येतो, इथे आणता येत नाही. तीस किलोंची मर्यादा आणि सदतीस किलोंचं प्रेम यांतला वाद आमच्या घरी शेवटच्या रात्रीपर्यंत चालतो. कुआका हा प्रश्न मोजे न घेऊन सोडवतो.

कंट्रोलरसाहेब मात्र पोटाकडे बघतच नव्हते. त्यांचे प्रश्न आजींना, भाषांतर माझं.

“मार्ग?”

इथून पिवळा समुद्र. चीन-कोरियाच्या मधला. दहा हजार किलोमीटर.

“मध्ये थांबा?”

नाही. पाण्यावर बसता येत नाही, बसला तर संपला. सात-आठ दिवस, रात्रंदिवस पंख मारत. तिथे महिनाभर खाऊन पुन्हा वजन करायचं आणि मग अलास्का. तिथे अंडी, पिल्लं.

“आणि परतीला?”

परतीला पिवळा समुद्र नाहीच. अलास्का ते न्यूझीलंड सरळ, पॅसिफिकच्या पोटावरून.

“वाहक? म्हणजे वाट दाखवणारं कोणी?”

त्याचं उत्तर द्यायला आजी जरा थांबल्या. मोठे पक्षी आधी निघतात, त्या वर्षीची पिल्लं मागाहून, वेगळी. चार-पाच महिन्यांची पिल्लं.

साहेबांनी टोपी काढली. “मास्तर, जाताना एक थांबा. येताना विनावाहक, विनाथांबा.” एसटीच्या परिभाषेत यापुढे पदवी नाही.

मिरांडाच्याच एका मादीने जगाला हे पटवून दिलं. तिला नाव नव्हतं, ‘ई सेव्हन’ एवढाच क्रमांक. २००७ साली तिच्या शरीरात उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं होतं. १७ मार्चला ती इथून निघाली, आठवड्याभरात चीनमधल्या यालू नदीच्या मुखाशी पोचली, मे महिन्यात अलास्काला गेली. ऑगस्टअखेर तिकडून निघाली आणि आठेक दिवसांत साडेअकरा हजार किलोमीटरहून जास्त अंतर न थांबता कापून याच आखातात उतरली. तोवर शास्त्रज्ञांचा असा तर्क होता, आता पुरावा मिळाला. पुढे २०२२मध्ये पाच महिन्यांच्या एका पिल्लाने अलास्काहून टास्मानिया गाठलं: अकरा दिवस, १३ हजार ५६० किलोमीटर. मी भूगोलाचा माणूस, घरी येऊन नातवाच्या पृथ्वीच्या गोलावर दोरा लावला. ऑकलंड ते मुंबई सरळ अंतर साधारण १२ हजार ३०० भरतं. म्हणजे ते पोर मुंबई गाठून वर बाराशे किलोमीटर पुढे गेलं असतं. आम्हाला मात्र सिंगापूरला सहा तास बसावं लागतं, कारण ऑकलंड-मुंबई थेट विमान नाही.

वेळेचंही असंच. न्यूझीलंडमधल्याच मानावातू नदीच्या मुखाशी शास्त्रज्ञांनी पायात रंगीत कडी घातलेल्या कुआकांवर काही वर्षं नजर ठेवली. एकेक पक्षी दर वर्षी जवळपास त्याच आठवड्यात निघतो, असं दिसलं. कोणी मार्चच्या सुरुवातीचा, कोणी शेवटचा, पण ज्याचा त्याचा दिवस ठरलेला. वारा पाठीशी असेल तर थोडं मागेपुढे. साहेबांनी या गोष्टीवर मौन पाळलं, पण त्यांच्या डोळ्यांत मला एका आदर्श डेपोचं चित्र दिसलं.

आम्ही असताना एक तुकडी निघाली. दुपार कलली होती. आधी बांधाच्या एका टोकाला तीस-चाळीस पक्षी वेगळे उभे राहिले आणि बोलू लागले. साळुंक्यांसारखं एकमेकांवर नाही, एकाच सुरात, आखूड आखूड. अंग झटकणं, चार पावलं पुढे, परत. मग एकदम उठले, पाण्यावरून एक फेरी मारली, उंच चढत गेले आणि आकाशात त्यांची वाकडी ओळ झाली. आजी म्हणाल्या, ही तुकडी जाणारीच. ओळ उत्तरेकडे बरीच दूर गेली आणि तिच्यातून तिघे सुटले. वळले, सरळ खाली आले, बांधावर उतरले आणि पिसं साफ करू लागले.

“असं होतं,” आजी म्हणाल्या. ज्याची तयारी पुरी नसते तो परत येतो आणि पुढच्या तुकडीबरोबर जातो. कोणी त्याला हसत नाही.

मला आमच्या कट्ट्यावरच्या एका काकू आठवल्या. बॅग विमानतळावर जमा करायच्या आधी त्यांनी मुलाला विचारलं, “तिकीट पुढे ढकलता येतं का रे?” व्हिसाचे पंधरा दिवस शिल्लक होते. ढकललं. पुढच्या सोमवारी त्या बाकावर हजर, आणि कट्ट्याने ‘अरे, अजून इथेच?’ असं विचारलं नाही. जागा करून दिली.

बांधावर फिक्या करड्या रंगाचे बरेच कुआका मागे राहिले होते, ना लाल, ना लठ्ठ. ही लहान वयाची मंडळी. पहिल्यांदा इथे आल्यावर तीन-चार वर्षं ती अलास्काला जात नाहीत, इथेच हुंदडतात. माझ्या मुलाला ही व्यवस्था फार आवडली. त्याला अर्थातच स्वतःचा मुलगा आठवत होता, भारतात पाठवला तर त्याची शाळा बुडते. मला मात्र आठवलं की मुलगा ‘तीन-चार वर्षांत परत येतो’ म्हणून इकडे आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. तो विषय आम्ही गाडीत काढत नाही, तो कट्ट्याचा विषय आहे. ऑकलंडच्या मराठी घरांत जेवणं झाल्यावर ‘एक ना एक दिवस परत जायचंय’ ही चर्चा होते ती ऐकावी. पुण्यात फ्लॅट कुठे घ्यायचा इथपर्यंत जाते, चढ्या आवाजात जाते, आणि अकरा वाजले की सगळे आपापल्या गाडीची किल्ली शोधतात. सकाळी कामावर. साळुंक्यांच्या सभेला मी हसणं बंद केलं ते या चर्चांमुळे.

सगळेच जात नाहीत, काही इथे येतातही. बांधाच्या दुसऱ्या टोकाला लाल चोचीचे काळेपांढरे तोरेआ होते. ते दक्षिण बेटावरून उन्हाळा संपता संपता येतात, त्यांचा हिवाळ्याचा मुक्काम हाच. त्यांच्या पायांशी राखी रंगाचे छोटे ‘रायबिल’. यांची चोच टोकाला उजवीकडे वळलेली असते, प्रत्येकाची उजवीकडेच. चोच अशी बाजूला वळलेला पक्षी जगात हा एकच. कंट्रोलरसाहेबांनी तो खूप वेळ पाहिला. “याला डावं वळण बंद आहे,” म्हणाले.

कुआकांच्या त्या मधल्या थांब्याबद्दल आजींनी जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. पिवळ्या समुद्राच्या काठचा चिखल माणसांनी भराव घालून फार कमी केला. दक्षिण कोरियात सेमांगुम इथे २००६मध्ये तेहतीस किलोमीटरची भिंत पूर्ण झाली आणि तिच्यामागचा सगळा चिखल पक्ष्यांना बंद झाला. २०१९मध्ये चीनच्या त्या किनाऱ्याचा काही भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला, ही त्यातली बरी बातमी. आठवडाभर उपाशी उडून आलेल्याच्या पुढचं ताट ओढून घ्यायला माणूसच लागतो.

याच दिवसांत मंगळवेढ्याला भोरड्यांची आवराआवर चाललेली असते. ज्वारीच्या शिवारावर हजारोंनी उतरणाऱ्या, गुलाबी पाठीच्या, काळ्या डोक्याच्या. त्यांना पळसमैना म्हणतात, कारण निघण्याआधी त्या पळस-पांगाऱ्याचा मध पिऊन घेतात. साळुंकीच्याच कुळातल्या, पण या खऱ्या प्रवासी. एप्रिलपर्यंत सगळ्या मध्य आशियाकडे निघून जातात आणि पावसाळा संपायच्या आत पुन्हा हजर. लहानपणी आमचं काम गोफण घेऊन त्यांना हाकलायचं. मी बरीच वर्षं समजत होतो की त्या माझ्या गोफणीला भिऊन जातात.

फ्लॅट बुशच्या आमच्या अंगणातला खराखुरा प्रवासी एकच, आणि तो कधी दिसला नाही, फक्त ऐकू आला. पीपीफाराउरोआ नावाची हिरव्या-सोनेरी अंगाची चिमुकली कोकिळा. वसंतापासून मर्फीज बुशच्या झाडीत तिची वर वर चढत जाणारी शीळ चालू असते, अधूनमधून आमच्या फिजोआवरूनही. आपल्या कोकिळेसारखीच हिची रीत: अंडं दुसऱ्याच्या घरात. ते घर रिरोरिरो नावाच्या सहा ग्रॅमच्या पक्ष्याचं. तो जीव आपल्या चौपट वजनाचं पोर वाढवतो. पोर वाढतं आणि शरदात एकटंच निघतं, समुद्रावरून सॉलोमन बेटांकडे. आईबाप कधी बघितले नाहीत, वाट कधी बघितली नाही. हे ऐकल्यावर आमच्या घरात क्षणभर सगळे गप्प झाले. मग सौभाग्यवती म्हणाल्या, “आणि आपल्याला विमानतळावर सोडायला दोन गाड्या.”

तो विमानतळही मानुकाउ बंदराच्या काठावरच आहे. धावपट्टीच्या तिन्ही अंगांना खाडी, आणि तिच्या चिखलात कुआका चरतात. म्हणजे त्यांचं आणि आमचं सुटण्याचं ठिकाण एकच, फलाट वेगळा.

कुआकाला एखादा फॉर्म भरायला दिला तर ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात तो काय लिहील, असं मी मिरांडाहून परतताना विचारलं. अंडी अलास्कात, पण वर्षातले पाच-सहा महिने इथे. मुलगा म्हणाला, टॅक्स कुठे भरतो त्यावर ठरेल. कंट्रोलरसाहेबांना प्रश्नच मान्य नव्हता. “गाडीचा पत्ता विचारत नाहीत मास्तर. गाडीला दोन डेपो असतात. दोन्हीकडे तिची जागा आखलेली असते.” साहेबांचं तिकीट एकोणतीस तारखेचं होतं आणि त्यांनी बॅग बांधून दोरीसुद्धा लावली होती.

तर मुलाकडे किंवा मुलीकडे ऑकलंडला जायचं असेल आणि परतीचं तिकीट काढायचं बाकी असेल, तर मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा हातचा सोडू नका. भरतीची वेळ बघा आणि तिच्या दोन तास आधी मिरांडाला पोचा. टोपी घट्ट हवी, वारा सोडत नाही. बांधाच्या फार जवळ जाऊ नका, आणि घरातला कुत्रा घरीच ठेवा. त्या दिवसांत या पक्ष्यांना एकदा उगाच उठवलं तर तेवढी चरबी वाया जाते आणि ती भरून काढायला वाटेत कुठे थांबा नाही. परतताना काइआउआला फिश अँड चिप्सचं दुकान लागतं. रांग असते, पण सरकते. आपल्यातल्या शाकाहाऱ्यांना नुसत्या चिप्सही देतात.